नारायणगाव परिसरातील विज्ञान-समाजसंवाद

नारायणगाव परिसरातील विज्ञान-समाजसंवाद : पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव या मीना नदीकाठच्या बाजारपेठेभोवती शास्त्रज्ञ, शेतकरी व सरकारी खाती यांच्यात चालत आलेला विचारविनिमय. त्याचे मुख्य विषय दोन : आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ-तरंगांचे रक्षण आणि उसातला बिबट्या.

जवळच्या मौजे खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली, मीटर-तरंगांची महाकाय दुर्बीण (जीएमआरटी) उभारली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती चौकात असून उरलेल्या १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरांच्या विस्तारात, शेताशिवारांतून विखुरल्या आहेत. मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट येथे अल्प, हे स्थळनिवडीचे एक प्रमुख कारण होते. परंतु मोबाइल मनोरे, विद्युतवाहिन्या व कारखाने यांच्या वाढीबरोबर तीच शांतता दुर्मिळ होत गेली. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त खोडदला विद्यार्थ्यांची प्रयोगप्रदर्शने भरतात, दुर्बीण पाहण्यास खेड्यापाड्यांतून लोक लोटतात आणि संशोधक त्यांच्या शंकांना उत्तरे देतात. हा उपक्रम स्तुत्य खरा; तथापि पाहुण्याने पाहावे व यजमानाने दाखवावे, एवढ्यापुरताच तो बव्हंशी राहतो.

बिबट्याच्या प्रश्नात मात्र शास्त्रज्ञ व शेतकरी या दोन्ही पक्षांना परस्परांचे ऐकणे भाग पडले. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला, त्यात मादी पिले घालू लागली, आणि ‘पिंजरा लावा’ ही वनखात्याकडे नित्याची मागणी झाली. वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, पकडलेली जनावरे अन्यत्र नेऊन सोडण्याची मोहीम सुरू झाल्यानंतर माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वाढले. हा निष्कर्ष घरात मृत्यू पाहिलेल्या कुटुंबास पटवून देणे सोपे नव्हे. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेले बिबटे ठेवले जातात. इकडे शेतकरी, रात्री पाणी भरावयास जावे लागू नये म्हणून, दिवसा वीज मागतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या चर्चेतील सर्वांत शास्त्रशुद्ध सूचना हीच होय.

पुणे–नाशिक या सुमारे २३५ किलोमीटरांच्या प्रस्तावित द्रुतगती रेल्वेमार्गाने पहिला विषय पुन्हा ऐरणीवर आणला. नारायणगावावरून जाणाऱ्या आखणीस, विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे निरीक्षणांत व्यत्यय येईल म्हणून, दुर्बिणीकडून हरकत घेण्यात आली व रेल्वे मंत्रालयाने मार्ग बदलण्याची भूमिका घेतली. टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावास ही हरकत अन्यायाची वाटली; आणि मार्ग मूळच्या आखणीनेच न्यावा, ही मागणी जुन्नर-आंबेगावकडून होत राहिली.