शंभर वर्षं आणि एक सेकंद

वॉटरपोलो ऑलिंपिकमध्ये आला १९०० साली, पॅरिसला. बायकांचा वॉटरपोलो आला २००० साली, सिडनीला. मधली शंभर वर्षं कुठं गेली, असं कुणीही विचारील. पाण्याची अडचण होती म्हणावं, तर १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून स्त्रिया पोहण्याच्या शर्यतीत उतरत होत्याच. मला वाटतं, अडचण झोंबाझोंबीची होती.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. (आपल्या पुरुष संघानं १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत याच खेळात सुवर्णपदक मिळवलं होतं, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं.) एका बाजूला सातजणी, त्यांत एक गोलरक्षक. तळाला पाय टेकवायचा नाही. चेंडू एकाच हातानं झेलायचा आणि फेकायचा; दोन्ही हातांची मुभा फक्त गोलरक्षकाला. टोपीला कानांवर वाट्या असतात, कारण हात-कोपर कुठंही बसतो. पायांनी सतत पाणी घुसळत राहायचं, तेव्हा कुठं छाती पाण्याबाहेर राहते. इंग्रजीत या पाय मारण्याला अंडं फेटायच्या यंत्राचं नाव आहे. मला मात्र ताकातली रवी आठवते. पंचाला पाण्यावरचं दिसतं. पाण्याखाली जे चालतं, ते चालतंच.

बायका हे सगळं करत होत्या. १९७९ मध्ये त्यांचा विश्वचषक सुरू झाला. १९८६ साली माद्रिदला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती ऑस्ट्रेलियानं जिंकली. संघ होते, चषक होते, फक्त ऑलिंपिकचं दार बंद होतं. पुढं ऑलिंपिक सिडनीला होणार हे ठरलं आणि ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी उचल खाल्ली. ऑलिंपिकचे पाहुणे सिडनीच्या विमानतळावर उतरले, तर या मुली पोहण्याच्या पोशाखात स्वागताला हजर! १९९७ मध्ये मान्यता मिळाली. तीही हात राखूनच. पुरुषांचे संघ बारा आणि बायकांचे सहा.

पण दार उघडेपर्यंत कितीजणींची उमेद सरून गेली असेल! अमेरिकेच्या मॉरीन ओटूल सहा वेळा जगातल्या सर्वोत्तम खेळाडू ठरल्या होत्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, एका मुलीची आई होत्या. ऑलिंपिकची बातमी आल्यावर त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. सिडनीत त्यांचं वय होतं ३९. ऑस्ट्रेलियाच्या डेबी वॉटसन १९८६ च्या विजेत्या संघात होत्या. त्याही निवृत्ती मोडून ३४ व्या वर्षी परतल्या.

२३ सप्टेंबर २००० रोजी या दोघींचे संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. सुमारे सतरा हजार प्रेक्षक, बहुतेक यजमानांचेच. शेवटची तेरा सेकंदं उरली असताना अमेरिकेच्या ब्रेंडा व्हियानं गोल करून ३–३ अशी बरोबरी साधली. आता जादा वेळ, असं सगळ्यांनी धरलं असणार. तेवढ्यात ऑस्ट्रेलियाला फ्री थ्रो मिळाला. इव्हेट हिगिन्सनं लांबूनच चेंडू मारला आणि तो जाळ्यात गेला. घड्याळात उरलं होतं १.३ सेकंद.

४–३. वॉटसन यांच्या गळ्यात सुवर्ण, ओटूल यांच्या गळ्यात रौप्य. दोघींनीही तारुण्याची वर्षं याच पाण्यात घालवलेली. खेळात हार-जीत असायचीच, असं आपण सहज म्हणतो. पण ज्या स्पर्धेची वाट पाहण्यातच तारुण्य गेलं, ती सव्वा सेकंदानं निसटावी, याला काय म्हणायचं? मी या सामन्याची हकीकत कितीदा तरी वाचली. दरवेळी माझं मन जिंकणाऱ्यांच्या जल्लोषापाशी न थांबता ओटूल यांच्याकडे वळतं.

नेदरलँड्सचंही तसंच. बायकांचा विश्वचषक अनेकदा जिंकलेला हा देश सिडनीत चौथा आला. त्यांचं सुवर्ण आलं २००८ मध्ये, बीजिंगला. अंतिम सामन्यात अमेरिका ९–८ अशी हरली, आणि डचांच्या नऊपैकी सात गोल एकट्या डॅनिएल दे ब्रुइनचे होते. संघांची संख्याही हळूहळू वाढली. २०२४ च्या पॅरिसमध्ये बायकांचे दहा संघ खेळले, पुरुषांचे बाराच.

सिडनीत बरोबरीचा गोल करणारी ब्रेंडा व्हिया मात्र खेळत राहिली. २००० चं रौप्य, २००४ चं कांस्य, २००८ चं पुन्हा रौप्य. २०१२ मध्ये लंडनला अमेरिकेनं स्पेनला ८–५ असं हरवलं आणि तिला सुवर्ण मिळालं. मॉरीन ओटूल तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या.