तीन हजार किलोमीटरचा इतिहास

आमच्या घरी पहिली गाडी आली तेव्हा अब्बांनी एकच नियम सांगितला होता: तीन हजार किलोमीटर झाले की इंजिन ऑइल बदलायचे. हा नियम त्यांना गॅरेजच्या उस्तादांनी दिला होता. परवा नव्या गाडीची पुस्तिका उघडली, तर तिथे दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असे छापलेले. उस्तादांना विचारले तर ते हसून म्हणाले, "सर, किताब कंपनीची आहे, गाडी तुमची आहे."

मग खरे कोणाचे मानायचे? त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

वऱ्हाडात तेल-वंगणाची रीत मोटारीपेक्षा फार जुनी आहे. अमरावती-अकोल्याच्या बाजारात कापूस आणणाऱ्या बैलगाडीच्या आसाला वंगण लागे, त्यात एरंडीचे तेलही वापरत. पुढे इंग्लंडच्या वेकफिल्ड कंपनीने १९०९ मध्ये मोटारीच्या तेलात हेच एरंडेल मिसळले. त्याच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच 'कॅस्ट्रॉल' हे नाव पडले. फरक एवढाच की बैलगाडीचे चाक करकरले की गाडीवानाला वेळ कळे. इंजिन आवाज करू लागते तोवर नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून इंजिनासाठी आधीच ठरवलेली मुदत लागते.

ही मुदत तेव्हा एवढी कमी का होती? ॲम्बेसेडर आणि फियाटच्या काळात गाड्यांना कार्बोरेटर असे. सकाळी चोक ओढला की जास्तीचे पेट्रोल सिलिंडरमधून खाली झिरपून तेल पातळ करी. पेट्रोलमध्ये शिसे होते, त्याचे क्षार तेलात उतरत. डिझेलमध्ये गंधक भरपूर, त्यातून आम्ल तयार होई. साध्या तेलात काजळी धरून ठेवणारी रसायने फारशी नसत, त्यामुळे तळाशी गाळ साचे. अशा इंजिनाचे तेल लवकर काढून टाकणे हाच शहाणपणा होता. अमेरिकेतही तीन हजारांचाच नियम रूढ होता, पण मैलांचा, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरचा. आमच्या उस्तादांचा नियम अंधश्रद्धा नव्हती. तो तजुर्बा होता.

पण त्यामागची कारणे एकेक करून बदलत गेली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सुरू झाले. कार्बोरेटर जाऊन संगणकाने मोजून इंधन देणारी इंजिने आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन देशभर मिळू लागले, त्यात गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भाग एवढीच आहे. तेलही सुधारले. आजचे तेल काजळी स्वतःत धरून ठेवते, म्हणून ते लवकर काळे दिसते. बोटावर घेऊन 'काळे झाले, संपले' म्हणणे आता बरोबर नाही. काळे होणे हे तेल काम करत असल्याचे लक्षण असू शकते.

मग उस्ताद पूर्ण चुकले का? तसेही नाही. पुस्तिकेत बहुधा मागच्या पानांवर कठीण वापराची वेगळी मुदत दिलेली असते: धूळ, कडक ऊन, जास्त ओझे, छोट्या फेऱ्या. तिथे तेल लवकर बदलायला कंपनीच सांगते. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास तापतो. अमरावती-अकोला रस्ता कित्येक वर्षे खड्डे आणि धुळीचा होता. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुधारला की तेलाचे आयुष्यही वाढते. उलट घर ते शाळा तीन-चार किलोमीटरच्या फेरीत तेल पुरते तापतही नाही, आतली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही.

हिशेब करून पाहा. चाळीस हजार किलोमीटरमध्ये तीन हजारांच्या नियमाने तेरा वेळा तेल बदलावे लागते, दहा हजारांच्या नियमाने चार वेळा. एका वेळी साडेतीन लिटर धरले तर साडेपंचेचाळीस लिटर आणि चौदा लिटर. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते नालीत किंवा वावरात सांडायची वस्तू नाही.

मला खरी काळजी वेगळी आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने नोंदवले होते की वाहन दुरुस्तीच्या कामात मुसलमानांचे प्रमाण मोठे आहे. ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी आली. नियम पोहोचला, त्याचे कारण मागे राहिले. पुस्तिका इंग्रजीत आणि पोरगा उर्दू किंवा मराठी शाळेतून सातवी-आठवीत सुटलेला. नव्या इंजिनाला पातळ तेल लागते, पण तो सवयीने जुने २०डब्ल्यू-४० ओततो. मग गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे वळते आणि हुनर असूनही उस्तादाचे गॅरेज रिकामे पडते. यात थोडा दोष आम्हा शिक्षकांचाही आहे.

माझी गाडी वर्षाला जेमतेम सहा हजार चालते, तीही बहुतेक छोट्या फेऱ्यांत. म्हणून मी पाच हजार किंवा एक वर्ष ठरवले आहे, आणि तेल पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच. बदलून मात्र उस्तादांकडेच घेतले. पुस्तिकेचे ते पान मराठीत लिहून त्यांच्या शागिर्दाला दिले. त्याने ते मोठ्याने वाचले, उस्तादांनी ऐकले आणि विचारले, "सर, बाकीची पानं कधी देता?"