अजिंठ्याच्या तीन आगी

नक्कल या शब्दाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. शाळेत नक्कल केली तर छडी, नाटकात केली तर हशा आणि सरकारी कचेरीत मागितली तर फी! 'नकलेलाही अक्कल लागते' असे म्हणणारी माणसे आहेत, पण तेही बहुधा कुणाला टोमणा मारावयाचा असला म्हणजेच म्हणतात. आज मला याच तुच्छ मानलेल्या शब्दाची बाजू घ्यावयाची आहे, आणि साक्षीला बोलवावयाचे आहे ते अजिंठ्याच्या लेण्यांना.

अजिंठ्याची गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. पंधराशे वर्षांपूर्वीचे आणि काही तर दोन हजार वर्षांपूर्वीचे अनामिक चित्रकार; मग कित्येक शतकांची विस्मृती; मग 1819 सालच्या एप्रिलमध्ये शिकारीला निघालेला जॉन स्मिथ नावाचा गोरा अधिकारी, त्याला वाघूर नदीच्या वळणावर दिसलेले लेण्यांचे तोंड, आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने खरडून ठेवलेले स्वतःचे नाव. येथे गोष्ट संपते, असे आपण समजतो. खरे म्हणजे तिचा अर्धा भाग येथून पुढे सुरू होतो. स्मिथने लेणी पाहिली. पण ती जगाला दाखविली ती दुसऱ्याच मंडळींनी. अंधारात महिनोन् महिने बसून भिंतीवरचे चित्र कापडावर, कागदावर आणि पुढे काचेवर उतरवून घेणारे ते चित्रकार आणि छायाचित्रकार! त्यांचे कष्ट तीन वेळा जळाले. त्या तीन आगींची ही हकीगत आहे.

मी हे लिहितो आहे ते बीडजवळच्या पालीहून. बिंदुसरेच्या धरणाजवळचे हे आमचे गाव. येथून अजिंठा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर दूर. पण 1948 सालापर्यंत पाली आणि अजिंठा ही दोन्ही गावे एकाच निजामी राज्यात होती, आणि एका बाबतीत ती आजही शेजारी आहेत. आमच्याकडची जुनी माळवदाची घरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना भिंतीचा गिलावा कसा करतात हे सांगावयास नको. माती भिजत घालावयाची, तिच्यात भुसकट आणि शेण कालवावयाचे, पायाने तुडवून ती लोण्यासारखी मऊ करावयाची आणि हाताने भिंतीवर लिंपावयाची. अजिंठ्याचा गिलावा जवळजवळ याच कुळीचा आहे. खडबडीत खडकावर माती, भाताचा तूस आणि झाडपाल्याचे तंतू यांचा थर. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि तो सुकल्यावर त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती आणि निळ्यासाठी दूरदेशीचा लाजवर्द दगड. यातले सोने-मोती म्हणावे असे लाजवर्दाखेरीज काही नाही. बाकी सारे आपल्या अंगणातले.

आणि म्हणूनच ते नाजूक आहे. मातीच्या भिंतीला ओल लागली की पोपडे कसे सुटतात, हे पावसाळा काढलेल्या प्रत्येक मराठवाडी माणसाला ठाऊक आहे. डोंगरातून झिरपणारे पाणी, वटवाघळे, किडे, पूर्वी लेण्यांत पेटविलेल्या चुलींचा धूर आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खोडकर हातांनी केलेली खरड, या सर्वांनी मिळून अजिंठ्याच्या चित्रांचे आयुष्य दरवर्षी थोडेथोडे कमी केले. 1843 साली जेम्स फर्ग्युसन या वास्तुपंडिताने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला आणि चित्रे नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या प्रती करवून घ्याव्यात असे प्रयत्न सुरू झाले. कंपनी सरकारने ते मनावर घेतले आणि 1844 मध्ये मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल हा कप्तान अजिंठ्यास पाठविला.

गिलचे नाव मराठी वाचकाला पारोच्या कहाणीमुळे ठाऊक आहे. अजिंठा गावात 1856 साली मरण पावलेल्या पारोची कबर आहे, आणि ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर दीर्घकाव्य लिहिले आहे. प्रेमकहाणीचा मोह मोठा असतो. त्यामुळे हा मनुष्य अजिंठ्यास राहून दिवसभर करीत काय होता, हे विचारण्याचे आपण विसरतो. तो नक्कल करीत होता. गावातल्या बारादरीत मुक्काम, लेण्यात अंधार, आणि पुढ्यात भिंतीएवढा ताणलेला कॅनव्हास. तैलरंगांत मूळ आकाराची चित्रे करावयाची, सुकली की गुंडाळून विलायतेस रवाना करावयाची. जवळजवळ वीस वर्षे त्याने हे काम केले आणि तीसच्या आसपास चित्रे पाठविली. लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या प्रचंड काचमहालात ती लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली.

1866 सालच्या डिसेंबरच्या 30 तारखेला त्या महालाला आग लागली. गिलची चित्रे जळून गेली. त्या वेळी तेथे न मांडलेली चार-पाच तेवढी वाचली.

पण गिलच्या हाती तोवर दुसरे एक साधन आले होते. 1856 च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती धरला होता. त्या काळचे छायाचित्रण म्हणजे आजच्यासारखा खिशातून यंत्र काढून बोट दाबण्याचा प्रकार नव्हे. काचेवर रसायन ओतावयाचे, ते ओले आहे तोच चित्र घ्यावयाचे, आणि वाळण्याच्या आत ते धुवावयाचे. अजिंठ्याच्या उन्हाळ्यात हे करून पाहा म्हणजे कळेल! गिलने जोडचित्रे काढली. एकाच दृश्याची किंचित सरकवून घेतलेली दोन छायाचित्रे एका यंत्रातून दोन डोळ्यांनी पाहिली की खांब पुढे येतात, गाभारा आत जातो आणि लेणे आपल्या टेबलावर उभे राहते. 1864 मध्ये अशा छायाचित्रांची त्याची दोन पुस्तके फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनला प्रसिद्ध झाली. म्हणजे आगीच्या दोनच वर्षे आधी, रंग जळाले तरी आकार उरावा अशी तजवीज या माणसाच्या हातून होऊन गेली होती. 1879 मध्ये तो वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

आता दुसरी आग. मुंबईत 1857 साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली होती. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 मध्ये जळालेले काम पुन्हा हाती घेतले. या वेळी एकटा मनुष्य नव्हता. शाळेचे विद्यार्थी बरोबर होते. मधला खंड सोडला तर 1885 पर्यंत ही मुले हंगामाहंगामाला अजिंठ्यास जाऊन राहिली. मुंबईच्या गल्लीत वाढलेली ही पोरे. त्यांनी त्या रानात तंबू-बिऱ्हाडे थाटली, गुहेतला वास आणि डोळ्यांवरचा ताण सोसला आणि तीनशेच्या आसपास चित्रे केली. त्यांच्यात पेस्तनजी बोमनजी हा पारशी तरुण अग्रेसर होता. पुढे तो नामांकित चित्रकार झाला. ही चित्रेही विलायतेला गेली. 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाच्या कोठारात आग लागली, आणि शंभराच्या वर चित्रे पुन्हा गेली. ग्रिफिथ्स यांनी उरलेल्या सामग्रीवरून 1896-97 मध्ये दोन भव्य खंड काढले. वाचलेले कॅनव्हास लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात कित्येक दशके गुंडाळून पडले होते. अलीकडच्या काळात ते उलगडून त्यांची निगा राखण्याचे काम झाले.

ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांची चित्रे पाहताना एक गोष्ट माझ्या मनात फार भरली. भिंतीचा पोपडा जेथे गळून पडला आहे, तेथे त्यांनी तो गळलेलाच रंगविला आहे. राजकन्येचा हात मध्येच तुटतो आणि उघडी माती दिसते. तेथे आपल्या कल्पनेने बोटे काढून देण्याचा मोह विशीतल्या होतकरू चित्रकाराला किती झाला असेल! त्याने तो आवरला. न दिसणारे काढावयाचे नाही, ही सुद्धा एक कल्पकताच आहे. याचे मोल सोळाव्या लेण्यात कळते. तेथे मरणोन्मुख राजकन्येचे जे विख्यात चित्र आहे, ते आता इतके मंद झाले आहे की नवख्याला दाखवूनही चटकन दिसत नाही. शतकाहून अधिक वर्षांपूर्वीची नक्कल समोर ठेवली म्हणजे तिची कललेली मान आणि भोवतीच्या माणसांची घालमेल ओळखू येते. येथे अस्सल वाचण्यासाठी नकलेचा आधार घ्यावा लागतो.

या मंडळींच्या पदरी दोषही बांधला पाहिजे. चित्र उठून दिसावे म्हणून भिंतीवर व्हार्निश लावण्याचा प्रकार त्या काळी झाला. ते पुढे पिवळे पडले आणि आपल्याबरोबर रंगालाही ओढू लागले. 1920 नंतर निजाम सरकारने इटलीहून बोलाविलेल्या तज्ज्ञांनी सुटणारे पोपडे मोठ्या कौशल्याने चिकटविले. पण त्यांनीही लाखेचा हात दिलाच. प्रेमाने केलेली इजा भरून निघण्यास वेळ लागतो.

तिसऱ्या आगीकडे येण्यापूर्वी 1909 ते 1911 हे दोन हिवाळे सांगावयास हवेत. क्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने पुन्हा एकदा प्रती करण्याचा घाट घातला. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा आले. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन काझी आले. नंदलाल तेव्हा पंचविशी-सत्ताविशीचे. पुढे शांतिनिकेतनात त्यांनी चित्रकारांची पिढी घडविली, आणि आपल्या राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीची पाने त्यांच्या व त्यांच्या शिष्यांच्या हातांनी नटली. त्या हाताने ऐन तारुण्यात अजिंठ्याची रेषा गिरविली होती. सय्यद अहमद यांनी तर अजिंठाच आपलासा केला. निजामाच्या पुरातत्त्व खात्यात ते लेण्यांचे रक्षक झाले. त्यांच्या प्रती हैदराबादच्या संग्रहालयात आहेत. गुलाम याजदानी या त्याच खात्याच्या प्रमुखांनी 1930 ते 1955 या काळात अजिंठ्याचे चार खंड छायाचित्रांसह प्रसिद्ध केले.

रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आलेला अराई काम्पो हा जपानी चित्रकार 1917-18 च्या सुमारास अजिंठ्यास गेला. जपानी लोकांना या लेण्यांची ओढ असण्यास कारण होते. नारा येथील होर्यूजी मंदिराच्या भिंतींवर बोधिसत्त्वांची जी प्राचीन चित्रे होती, ती पाहणाऱ्याला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवल्याशिवाय राहत नसे. काम्पोने केलेल्या प्रती तोकियोच्या विद्यापीठात ठेवण्यात आल्या. 1923 सालच्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस तेथे महाभयंकर भूकंप झाला, शहर पेटले, आणि अजिंठा तिसऱ्यांदा जळाला.

आणि आता नियतीची मौज पाहा. त्याच होर्यूजीच्या मंदिरात 1949 सालच्या जानेवारीत आग लागली. या वेळी जळाली ती मूळ भिंत! चित्रकार तेथे प्रती करीत होते, आणि 1935 साली त्या भिंतींची उत्तम छायाचित्रे घेतलेली होती. त्या आधारावर जपानी चित्रकारांनी 1968 पर्यंत ती सारी चित्रे पुन्हा उभी केली. आपल्याकडे प्रती जळाल्या आणि भिंत राहिली. त्यांच्याकडे भिंत जळाली आणि प्रतींनी लाज राखली. दोन्हीपैकी काय जळेल हे आधी कुणालाच कळत नाही. म्हणून दोन्ही हवीत.

आपल्या काळातही ही परंपरा खुंटलेली नाही. बेनॉय बहल या छायाचित्रकाराने 1991 मध्ये झगझगीत दिव्यांखेरीज, जवळजवळ काळोखात, कॅमेऱ्याचा डोळा दीर्घ काळ उघडा ठेवून अजिंठ्याची चित्रे टिपली. प्रखर प्रकाशाने रंगाला होणारी इजा टळली, आणि आजवर न दिसलेले बारकावे काळोखातूनच वर आले. 2013 मध्ये लेण्यांच्या पायथ्याशी 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती असलेले केंद्र उघडण्यात आले. माणसांचा श्वाससुद्धा मातीच्या गिलाव्याला जड होतो. तेव्हा मूळ भिंतीवरचा भार नकलेने थोडा आपल्या अंगावर घ्यावा, ही कल्पना मला तरी मोठी शहाणपणाची वाटते.

हे सारे वाचीत असताना मला एकच रुखरुख लागून राहिली. मूळ चित्रकारांची नावे काळाने खाल्ली, त्याला इलाज नाही. पण नकला करणाऱ्यांची? ग्रिफिथ्स यांचे नाव पुस्तकाच्या पाठीवर सोन्याने छापले गेले; पोपड्याच्या कडा इमानाने रंगविणाऱ्या बहुतेक पोरांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीपुरतीही आली नाहीत. सय्यद अहमद हे नाव मराठवाड्यात तरी शाळकरी मुलांना माहीत असावयास नको काय?

दिवाळीच्या पहाटे आमच्या पालीत अजूनही दारोदारी रांगोळ्या पडतात. ठिपके आजीने आईला दिलेले, आईने लेकीला दिलेले, म्हणजे नक्कलच. संध्याकाळपर्यंत ती पायाखाली जाते, आणि तरी पुढच्या वर्षी तशीच उमटते, कारण मध्ये कुणीतरी ती हाताने गिरविलेली असते. यंदा घरातल्या एखाद्या मुलीने आजीची रांगोळी वहीत उतरवून घेतली, मोबाइलवर तिचे छायाचित्र घेतले, तर मोठीच गोष्ट होईल. फक्त खाली दोन नावे लिहावीत: ज्या बाईची रांगोळी तिचे, आणि जिने ती उतरवून घेतली तिचेही.