पहिल्या हंगामाचा हिशेब



भिवंडीहून ठाण्यास निघा, कल्याणास निघा, अगर उत्तरेस वाड्याची वाट धरा. थंडीच्या दिवसांत वाटेवरील एखाद्या गांवीं दिव्यांच्या उजेडांत कबड्डीचा सामना रंगलेला आढळला तर त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. अशा सामन्यांत गांवच्या संघांतून एखादा नवा पोरगा प्रथमच उतरतो. एका चढाईंत त्यानें तीन गडी टिपले कीं मैदानाभोंवतालचे लोक त्याचें भविष्य सांगून मोकळे होतात. दुसरा एखादा दोनदां पकडला गेला कीं त्याचेंही भविष्य तितक्याच घाईनें सांगितलें जातें. गांवच्या मैदानावरील हा निकाल सकाळपर्यंत विसरला जातो, म्हणून त्यापासून फारशी हानि होत नाहीं. परंतु धंदेवाईक संघांच्या स्पर्धा सुरू झाल्यापासून हाच निकाल तीन महिन्यांच्या एका हंगामावरून दिला जातो, आणि त्यावर लाखों रुपये व तरुण मुलांचीं आयुष्यें अवलंबून असतात. नवागत खेळाडूंची एका हंगामावरून केलेली पारख कितपत विश्वसनीय असते, ह्याचा विचार आज एका संघाच्या इतिहासावरून करावयाचा आहे. तो संघ म्हणजे मुंबईचा यू मुंबा, आणि तें वर्ष म्हणजे २०१८.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. आपण ज्याला हुतूतू म्हणत आलों, त्या खेळास नियमांची शिस्त लावण्याचें श्रेय मराठी मंडळींकडे मोठ्या प्रमाणावर जातें. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें ह्या खेळाची अखिल भारतीय स्पर्धा भरविली. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने चालू असतां अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें हा खेळ परदेशी प्रेक्षकांपुढें करून दाखविला. १९३८ सालीं कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत त्यास स्थान मिळालें, आणि १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धेंत तो पदकांचा खेळ झाला. तेव्हांपासून २०१४ पर्यंत लागोपाठ सात आशियाई स्पर्धांतील पुरुषांचें सुवर्णपदक भारतानेंच जिंकलें.

ह्या साऱ्या काळांत चांगल्या खेळाडूचा योगक्षेम नोकरीवर चाले. रेल्वे, सैन्यदल, पोलीस, बँका, मोठ्या कंपन्या अशा ठिकाणीं त्यास जागा मिळे, आणि तो त्या संघातर्फे वर्षानुवर्षें खेळे. वेतन बेताचें असे, कीर्तिही बेताचीच असे; परंतु त्या व्यवस्थेंत एक गुण होता. पहिलें वर्ष वाईट गेलें तरी दुसरें वर्ष हातीं असे. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि नोकरीच्या जोडीस लिलाव आला. पैसा वाढला, खेळ घरोघरीं दिसूं लागला, खेड्यांतील मुलांचीं नांवें देशभर झालीं. मात्र पारख करण्यास मिळणारा वेळ त्याच मानानें आंखडला.

ह्या लीगमध्यें यू मुंबाचा आरंभ दिमाखाचा होता. अनुपकुमार ह्या हरियाणाच्या शांत व धोरणी कर्णधाराच्या नेतृत्वाखालीं संघानें पहिल्याच वर्षीं अंतिम सामना गांठला आणि जयपूरकडून २४ विरुद्ध ३५ अशी हार पत्करली. २०१५ सालीं बंगळूरच्या संघास ३६ विरुद्ध ३० असें नमवून त्यानें विजेतेपद मिळविलें. २०१६ च्या आरंभीं झालेल्या तिसऱ्या हंगामांत तो पुन्हां अंतिम सामन्यांत पोंचला व पाटण्याकडून तीन गुणांनीं हरला. पुढें मात्र ओहोटी लागली. २०१७ सालीं संघ बाद फेरींत पोंचलाच नाहीं, आणि २०१८ च्या लिलावांत अनुपकुमार जयपूरकडे गेला. जुनी घडी मोडली होती. नवी बसवावयाची होती.

त्या वर्षाच्या मे महिन्यांत झालेल्या लिलावांत यू मुंबानें इराणचा बचावपटू फझल अत्राचली ह्यास एक कोटि रुपयांस घेतलें. लीगच्या लिलावांत एका खेळाडूवर एक कोटीची बोली प्रथम लागली ती हीच. पुढें ऑगस्टमध्यें जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेंत इराणनें उपांत्य सामन्यांत भारतास हरविलें, भारताची सुवर्णपदकांची मालिका खंडित झाली, आणि इराणी पकडीचें मोल साऱ्यांना पटलें. परंतु बचाव कितीही भक्कम असला तरी प्रतिपक्षाच्या अंगणांत जाऊन गुण आणणारा कोणी तरी हवा. त्यासाठीं संघानें कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यांतील सिद्धार्थ देसाई ह्या उंच, दणकट तरुणास ३६ लाख ४० हजार रुपयांस घेतलें. लीगमध्यें तो तोंवर एकही सामना खेळलेला नव्हता. त्याच संघांत उत्तर प्रदेशांतील मुझफ्फरनगरकडचा आणखी एक नवखा चढाईपटू होता. त्याचें नांव अर्जुन देशवाल.

ऑक्टोबर २०१८ मध्यें हंगाम सुरू झाला. पुण्याच्या संघाशीं झालेला पहिलाच सामना ३२–३२ असा बरोबरींत सुटला, आणि त्या एका सामन्यानें सिद्धार्थचें नांव सर्वतोमुखीं झालें. हंगाम संपला तेव्हां त्याच्या खात्यावर २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण जमा होते. म्हणजे दर सामन्यास सरासरी दहांहून अधिक. संघानें साखळींतील २२ सामन्यांपैकीं १५ जिंकले, पांच गमावले, दोन बरोबरींत सोडविले आणि आपल्या गटांत दुसरें स्थान मिळविलें. मग बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यांत उत्तर प्रदेशच्या संघानें त्यास पांच गुणांनीं हरविलें. अर्जुनच्या वांट्यास त्या वर्षीं मोजकेच सामने आले व गुणही थोडेच आले.

त्या जानेवारींत कोणी ह्या दोन नवागतांची पारख करावयास बसला असता तर त्यानें काय लिहिलें असतें हें उघड आहे. एकाच्या नांवापुढें 'उत्कृष्ट', आणि दुसऱ्याच्या नांवापुढें बहुधा कोरी जागा. बाजारानेंही तेंच लिहिलें. एप्रिल २०१९ च्या लिलावांत तेलुगू टायटन्स संघानें सिद्धार्थवर एक कोटि पंचेचाळीस लाखांची बोली लावली. त्या लिलावांतील ती सर्वांत मोठी होती. ज्या संघानें त्यास पुढें आणलें, त्या संघाच्या हातून तो एका वर्षांत गेला.

आतां ह्या २१८ गुणांचें पृथक्करण करूं. कबड्डींत बाद झालेला गडी बाहेर बसतो. त्याच्या संघानें प्रतिपक्षाचा गडी बाद केला कीं बाहेर बसलेल्यांपैकीं एक गडी पुन्हां आंत येतो. चढाई करणारा कितीही पराक्रमी असो, तो पकडला गेला म्हणजे त्याचें मैदानावर परत येणें त्याच्या सोबत्यांच्या हातीं असतें. मागें भक्कम बचाव असेल तर तो लवकर उठून येतो, पुन्हां चढाई करतो, पुन्हां गुण मिळवितो. बचाव दुबळा असेल तर तोच वीर बाहेर बसून घड्याळाकडे पाहात राहतो. यू मुंबाच्या त्या वर्षींच्या बचावाचा नायक फझल होता. म्हणून सिद्धार्थच्या खात्यावरील गुणांत फझलच्या पकडींचाही कांहीं अंश मिसळलेला आहे, जरी कोष्टकांत तो कोठेंही दिसत नाहीं. ह्यानें सिद्धार्थचें श्रेय उणें होत नाहीं. तें श्रेय कोणत्या जमिनीवर उभें होतें एवढेंच कळतें.

पुढचीं वर्षें ह्या दृष्टीनें बोलकीं आहेत. २०१९ च्या हंगामांत सिद्धार्थनें नव्या संघातर्फे चढाईचे २१७ गुण मिळविले. आदल्या वर्षापेक्षां केवळ एक गुण कमी! पहिला हंगाम हा काकतालीय न्याय होता असें म्हणणाऱ्यांचीं तोंडें त्यानें बंद केलीं. तरीही त्याचा नवा संघ बाद फेरींत पोंचला नाहीं. गुण तेवढेच, पण फळ निराळें. पुढें महामारीमुळें २०२० सालीं हंगाम झालाच नाहीं, आणि २०२१–२२ च्या हंगामांत थोडे सामने होतात न होतात तोंच दुखापतीनें त्यास बाहेर बसविलें. नंतरहि तो खेळला, परंतु आरंभींच्या त्या दोन वर्षांचा भर पुन्हां आला नाहीं. पांच-सहा जणांच्या मिठींतून स्वतःला ओढून काढणाऱ्या शरीरावर दर सामन्यांत किती भार पडतो, ह्याचा रकाना त्या गुणांच्या कोष्टकांत नव्हता.

आणि ती कोरी जागा? अर्जुन देशवालला २०१९ सालीं यू मुंबातच अधिक सामने मिळाले व त्यानें चढाईचे शंभरावर गुण केले. पुढें तो जयपूरच्या संघांत गेला. तेथें मुख्य चढाईचें काम त्याच्यावर आलें, आणि पहिल्याच वर्षीं त्याचे गुण अडीचशेंच्या पलीकडे गेले. २०२२ च्या हंगामांत त्यानें चढाईचे २९६ गुण मिळवून सर्व चढाईपटूंत पहिलें स्थान घेतलें, आणि १७ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबईंत झालेल्या अंतिम सामन्यांत जयपूरनें पुण्यास ३३ विरुद्ध २९ असें हरवून विजेतेपद पटकाविलें. २०२३ सालीं हांगचौच्या आशियाई स्पर्धेंत इराणला हरवून ज्या भारतीय संघानें सुवर्णपदक परत आणलें, त्यांतही तो होता. २०१८ सालीं यू मुंबाच्या बाकावर बसलेला हाच तो नवखा!

ही गोष्ट केवळ आपल्याकडची आहे असें नव्हे. अमेरिकेंत फुटबॉल ह्या नांवाचा, बहुतांशीं हातांनींच खेळावयाचा, जो खेळ आहे त्यांत दरवर्षीं संघ नवे खेळाडू पाळीपाळीनें निवडून घेतात आणि वर्षाच्या अखेरीस त्या नव्या तुकडीस शाळेंतल्याप्रमाणें श्रेणी देण्याची तेथील पत्रकारांची प्रथा आहे. २००० सालीं तेथें टॉम ब्रेडी नांवाचा तरुण १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्या साऱ्या हंगामांत त्याची एकच फेक सफल झाली. त्यास काय श्रेणी मिळाली असेल? पुढच्याच हंगामांत प्रमुख खेळाडू जखमी झाला, ब्रेडीस संधि मिळाली, आणि त्यानें संघास राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलें.

ह्यावर संघाच्या चालकांचें एक म्हणणें असतें, आणि तें ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतात, आम्हांला दर लिलावास निर्णय करावाच लागतो; पैसा मोजका असतो; दहा वर्षें थांबून इतिहासाचा कौल घेणें आम्हांस परवडत नाहीं. हें खरें आहे. परंतु निर्णय करावा लागतो म्हणून अपुऱ्या पुराव्यास पुरा मानावें असें होत नाहीं. हिशेबाचे दोन रकाने करावेत: खेळाडूनें काय केलें हा एक, आणि त्यास काय करूं दिलें हा दुसरा. किती चढाया त्याच्या वांट्यास आल्या? मागें कोणाचा बचाव होता? सामना हातांतून गेल्यावर त्यास उतरविलें, कीं सामना जिंकावयाचा असतांना? शरीरावर किती भार घातला? हे प्रश्न विचारले असते तर २०१८ अखेर सिद्धार्थची थोरवी कमी झाली नसती. पण अर्जुनच्या नांवापुढें 'नापास' ऐवजीं 'अद्याप परीक्षा झाली नाहीं' असें लिहिलें गेलें असतें. ह्या दोन शेऱ्यांत एका आयुष्याचें अंतर आहे.

भिवंडीच्या श्रोत्यांस हें सांगण्यास फार शब्द नकोत. मागावर नवा ताणा चढविल्यावर पहिलें कापड कसें उतरलें हें विणकर पाहतोच. पण सूत कसलें होतें, माग कोणत्या स्थितींत होता, वीज कितीदां गेली, हें विचारल्याशिवाय तो कारागिरास बोल लावीत नाहीं. आपल्या जिल्ह्यांतील कितीएक मुलें आज शाळा-कॉलेज सांभाळून, कधीं तें बाजूस सारूनही, ह्या खेळाच्या मागें लागलेलीं आहेत. त्यांतील एखादा निवडला जाईल आणि वर्षभर बाकावर बसून परत येईल. त्या दिवशीं घरांतील वडील मंडळींनीं त्याच्या गुणांचा आंकडा अवश्य विचारावा. मात्र त्यास संधि किती मिळाली होती हें आधीं विचारावें, आणि मगच त्यानें खेळ सोडावा कीं धरून ठेवावा ह्याचा विचार त्याच्यासह करावा.