'सार्वजनिक' या शब्दातले जन कोणते?

विद्यापीठाला 'सार्वजनिक' हे विशेषण लागले की आपण त्याचा अर्थ 'सर्वांना खुले' असा सहज करून टाकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही. तेथील 'जन' म्हणजे प्रथमतः त्या राज्याचे रहिवासी. बाहेरून आलेला विद्यार्थी किती बुद्धिमान आहे, यापेक्षा तो आपला कोण लागतो, हा प्रश्न तेथे बहुधा आधी विचारला गेला आहे.

१८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेतील राज्यांना जमिनी मिळाल्या, त्या शेती आणि यंत्रविद्या शिकविणाऱ्या महाविद्यालयांसाठी. १८६८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ त्याच धोरणाचे अपत्य. विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा संस्थांतून हिंदुस्थानी विद्यार्थी दिसू लागले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे वॉशिंग्टन राज्यातील सरकारी महाविद्यालयात शिकले, ते याच काळात. खानखोज्यांचे नाव आपण गदर चळवळीपुरते घेतो. वास्तविक अमेरिकन शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या वर्गात एका परतंत्र देशातील तरुणाला जागा मिळाली, ही घटनाही तितकीच लक्षणीय आहे.

त्या पिढीची खरी अडवणूक वर्गाच्या दाराशी झाली नाही. ती बंदरावर झाली आणि गावात झाली. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भूभागातून येणाऱ्यांवर बंदी घातली, विद्यार्थ्यांना मात्र त्यातून वगळले. शिकून झाल्यावर तेथेच राहू पाहणाऱ्यांची वाट १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्याने बंद केली: हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरला. बर्कलीत परदेशी विद्यार्थ्यांना भाड्याने खोली मिळणेही दुरापास्त होते. १९३० साली तेथे 'इंटरनॅशनल हाऊस' उभे राहिले, तेही स्थानिकांचा विरोध पत्करून.

प्रवेशाचे दार अरुंद झाले ते नंतर. १९६० च्या 'मास्टर प्लॅन'ने राज्यातील शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना विद्यापीठाचा हक्क दिला. बाहेरच्यांसाठी कसोटी अधिक कठोर: त्यांनी या पात्र विद्यार्थ्यांच्याही वरच्या अर्ध्या भागाच्या तोडीचे असावे. आमच्या मते यात अन्याय नव्हता. ज्याच्या घरी पाहुणा जातो, त्याने आधी घरच्यांचे ताट वाढावे, हे समजण्यासारखे आहे. डोमिसाइलच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत उभ्या राहणाऱ्या आपल्या पालकांना तर हे वेगळे सांगायला नको.

२००८ च्या मंदीनंतर राज्याने अनुदान कापले आणि पाहुण्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. अधिक शुल्क देणारा परका आता हवासा झाला. २०११ मध्ये 'वरचा अर्धा भाग' ही कसोटी सैल करण्यात आली. २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी, या धोरणाने घरच्या मुलांचे नुकसान केले, असा ठपका ठेवला. विद्यापीठाने तो मान्य केला नाही. तरी २०१७ मध्ये बाहेरच्या पदवी-विद्यार्थ्यांवर मर्यादा आली: पाच परिसरांत १८ टक्के, तर बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो व अर्व्हाइन येथे त्या वर्षी होते तेवढेच प्रमाण. चार वर्षांनी, २०२१ मध्ये, यांपैकी पहिल्या तीन परिसरांतले प्रमाणही हळूहळू १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. त्यामुळे बुडणारे शुल्क राज्याने भरून द्यायचे, असा तो व्यवहार. जो विद्यार्थी दहा वर्षांपूर्वी तिजोरीचा आधार होता, त्याच्या जागी घरचा विद्यार्थी बसावा म्हणून आता तिजोरीतूनच पैसे मोजले जाऊ लागले.

पुण्यातून अर्ज करणारी मुलगी या हिशेबात कोठे बसते? तिला किमान ३.४ गुणांक लागतो, स्थानिकाला ३.०. तिची एसएटी परीक्षा २०२१ पासून विचारात घेतली जात नाही. गरजेवर आधारित साहाय्य तिला नाही. उलट २०२४-२५ साली नेहमीच्या शुल्कावर ३४ हजारांहून अधिक डॉलर जादा होते. आणि १८ टक्क्यांच्या त्या रकान्यात परदेशी विद्यार्थ्यांसाठी निराळा कप्पाच नाही. तेथे तिच्या शेजारी नेवाडाचा मुलगा बसलेला असतो: अमेरिकेचा नागरिक, पण कॅलिफोर्नियाच्या लेखी तिच्याइतकाच बाहेरचा.