दस्त्यावरचे खरे-खोटे पट्टे

१८व्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेले जर्मन कारागीर लांब नळीच्या रायफली बनवत. दस्त्यासाठी त्यांची पसंती असे ती पट्टेदार मेपलला. हे पट्टे म्हणजे रंग नव्हे. अशा लाकडाचे तंतू नागमोडी असतात. दस्ता तासला की कुठे तंतू लांबीने उघडे पडतात, तर कुठे त्यांची कापलेली टोके वर येतात. ही टोके द्रव अधिक शोषतात. कारागीर नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून ते द्रावण लाकडाला लावत आणि तापवलेले लोखंड जवळून फिरवत. लाकूड तांबूस तपकिरी होई. जास्त शोषलेला भाग अधिक गडद.

पण प्रत्येक मेपलचे तंतू नागमोडी नसतात. मग साध्या लाकडावरच गडद पट्टे रंगवले जाऊ लागले. १९व्या शतकातील काही रायफलींवर ते दिसतात. ही फसवणूक का? सनमायकावर छापलेल्या सागाच्या रेषांना आपण कुठे नावे ठेवतो? मात्र असा दस्ता अस्सल पट्टेदार म्हणून विकला, तर आम्ही त्याला फसवणूकच म्हणू.

ओळखायचे कसे? दस्ता दिव्याखाली हळूहळू तिरपा करावा. पट्टे खरे असतील तर गडद पट्टा उजळतो आणि शेजारचा उजळ पट्टा काळवंडतो, कारण तंतूंच्या दिशेप्रमाणे प्रकाशाचे परावर्तन बदलते. रंगवलेला पट्टा जागच्या जागी गडदच राहतो.