असंखेय्य : अगणिताची गणना

जातकट्ठकथेच्या निदानकथेनुसार बोधिसत्त्वाने चार असंखेय्य व एक लाख कल्पांच्या काळात पारमिता पूर्ण केल्या. फुलंब्रीवरून अजिंठ्यास जाणारा उपासक भित्तिचित्रांत ज्या जातककथा पाहतो, त्यांच्यामागे हीच कालकल्पना आहे. ‘असंखेय्य’ म्हणजे मोजता न येणारे. परंतु कच्चायन-व्याकरणात हेच एका निश्चित संख्येचे नाव आहे.

तेथे कोटीपासून प्रत्येक नाव मागील नावाच्या कोटीपट आहे : कोटि, पकोटि, कोटिप्पकोटि, नहुत, निन्नहुत, याप्रमाणे. असंखेय्य हे विसावे नाव. म्हणजे एकावर १४० शून्ये. दहावे नाव ‘अहह’, एकावर ७० शून्ये. अर्थात अहहाचा वर्ग म्हणजे असंखेय्य. निन्नहुताचा चतुर्थ घातही तोच. मात्र १४० ला ३ ने निःशेष भाग जात नसल्याने त्याचे घनमूळ पूर्णांक नाही. त्याचे मूळ अवयव केवळ २ आणि ५. एकूण विभाजक १४१ × १४१, म्हणजे १९,८८१.

नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात १०, १००, १००० यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्य नाही. अशा अंकपद्धतीत एवढी संख्या लिहिणे दुष्कर होते. नावांच्या साखळीला मात्र शून्याची गरज नव्हती. ती मुखोद्गत करता येत होती.

म्हणून ग्रंथ वाचताना विवेक हवा. कल्पांच्या संदर्भात हा शब्द अमर्याद काळाचा बोध करतो, व्याकरणात तो मोजमाप आहे. दोहोंची गल्लत केल्यास काव्याचे गणित होते आणि गणिताचा चमत्कार.